बडीशेपेचं उत्तर

नालवाडी, वर्धा
रविवार, २३ नोव्हेंबर २००८

प्रिय रत्नदीप यास,
सप्रेम जयभीम.

तू, मयुरी आणि छकुली मजेत असाल. आम्हीही बरे आहोत. थंडी यंदा लवकर आली. तुझे भाऊजी फिरायला जातो म्हणून पहाटे स्वेटर-मफलर घालून निघतात आणि सिंदी मेघेच्या चौकात चहा पिऊन परत येतात. त्यालाच ते व्यायाम म्हणतात.

फोन असताना ताईनं पत्र का लिहिलं, असं तुला वाटेल. फोनवर तू "बोल ताई" म्हणतोस आणि जे बोलायचं असतं तेच नेमकं निसटतं. मेसेज करावा, तर हल्ली दिवसभर मी तेच करते. एका मेसेजमध्ये एकशे साठ अक्षरं मावतात. आज मला जास्त लागणार आहेत.

दवाखान्यात नवं काम मिळालं हे तुला सांगितलं होतं, काय काम ते सांगायचं राहिलं. बिडी-सिगारेट सोडायची आहे अशा लोकांचे मोबाइल नंबर आम्ही घेतो आणि त्यांना रोज मेसेज पाठवतो. मजकूर मराठी, अक्षरं इंग्रजी, कारण साध्या फोनवर आपली अक्षरं उमटत नाहीत. आमच्या डॉक्टर मॅडम तरुण आहेत, हुशार आहेत. त्यांनी पहिला मेसेज लिहिला होता, "प्रिय सहभागी, आज आपल्या धूम्रपानमुक्त जीवनाचा शुभारंभ." मी म्हटलं, मॅडम, हा मेसेज वाचून आमचा माणूस मागे वळून बघेल की सहभागी कोण उभा आहे. त्या हसल्या आणि म्हणाल्या, मग तुम्हीच लिहा.

म्हणून मी लिहायला लागले. आपल्याकडचा माणूस बिडी कधी काढतो, ते डोळ्यांसमोर आणलं. सकाळी परसाकडे जाताना. चहा झाल्यावर. जेवण झाल्यावर तर हमखास. तर जेवणाच्या वेळेनंतर जाणारा माझा मेसेज असा असतो: "जेवण झालं असेल. आता हात खिशाकडे जाईल. आधी दोन घोट पाणी प्या, थोडं थांबा. ती आली तशी निघून जाते." मॅडमनी विचारलं, "ती कोण?" मी म्हटलं, त्यांना बरोबर कळतं.

सगळे मेसेज आधीच कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवलेले असतात. वेळ झाली की ज्याचे त्याला आपोआप जातात. शनिवारी एक प्रश्न जातो, या आठवड्यात ओढली का? नाही असेल तर १ पाठवा, हो असेल तर २. कॉम्प्युटरला तेवढे दोन आकडेच कळतात. लोक मात्र आकड्याच्या पुढेमागे बरंच काही लिहितात. एकानं कळवलं, "१, पण बायको माहेरी गेली तर भरवसा नाही." हे सगळं मी वाचते. वाचायला कोणी सांगितलेलं नाही, पण मला सोडवत नाही.

आता बाबांचं सांगते.

दिवाळीच्या सुमारास मी फोनवर म्हटलं होतं, बाबांचा पाय थोडा दुखतो. थोडा नव्हता. उजव्या पायाचं एक बोट काळं पडलं होतं आणि ते काढावं लागलं. बिडीनं पायाच्या रक्तवाहिन्या आतून बंद होत आल्या आहेत. डॉक्टरांनी माझ्यासमोर त्यांना स्पष्ट सांगितलं की बिडी आणि पाय यांतलं एकच काहीतरी ठेवा, ओढत राहिलात तर पुढच्या वेळी गुडघ्यापासून काढावा लागेल. त्यावर बाबा काय म्हणाले असतील? "पाय त आता म्हातारा झाला, डॉक्टरसाहेब. बिडी रोज नवी राह्यते." डॉक्टरही हसले. मला मात्र हसू आलं नाही.

तुला तेव्हा सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, मी आधीच सांगत होतो. आणि ते खरंही होतं.

दवाखान्यातून सोडताना आमच्या विभागातल्या मुलीनं त्यांचा नंबर यादीत घातला. आई होती तेव्हा तू पाठवलेला फोन त्यांच्याकडे अजून आहे, प्लास्टिकच्या पिशवीत रबर लावून ठेवतात. त्यांना वाटलं, नंबर रिपोर्ट कळवायला घेतला. हे मेसेज मी लिहिते, असं मी त्यांना मुद्दाम सांगितलं नाही. माझं त्यांनी कधी ऐकलंय? "पूर्णा, तू मले नोको शिकवू," हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा ऐकलंय की ते म्हणायच्या आधी मलाच ऐकू येतं.

त्यांना ती अक्षरं वाचता येत नाहीत. केळझरच्या बसथांब्याजवळ बंडूजीचा पानठेला आहे ना, तिथे ते रोज फोन घेऊन जातात आणि बंडूजी वाचून दाखवतो. गंमत बघ, बिडी सोडा म्हणून पाठवलेला मेसेज बिडी विकणारा माणूस मोठ्यानं वाचतो आणि बाकावरची चार माणसं ऐकतात. मेसेज आमच्या दवाखान्यातून जातात, एवढं मी पुढे बंडूजीला सांगितलं आणि बाबांना सांगू नको म्हटलं. तो मला म्हणाला, "ताई, लोक बिडी पेटवाले येते आन मेसेज आयकून पानी पिऊन जाते. माह्या धंद्यावर उठले तुमी." म्हणाला खरं, पण वाचायचं त्यानं थांबवलं नाही.

पहिल्या मेसेजमध्ये दवाखान्याचं नाव होतं. तो आला तेव्हा फोनमधली मेसेजची पेटी भरलेली होती, म्हणून बंडूजीनं जुने मेसेज पुसले, त्यात तोही न वाचताच गेला. नंतरच्या मेसेजमध्ये नाव नसतं. नंबर अनोळखी. बंडूजीनं विचारलं, आबाजी, कोण पाठवते हे? बाबा म्हणाले, "कोन पाठवन? पोट्ट्यानं नंबर बदलला असन."

हे मला आठवड्याभरानं कळलं, तेही त्यांच्या उत्तरातून. बंडूजीकडून लिहवून घेतलेलं उत्तर आमच्या कॉम्प्युटरवर आलं, "रत्ना तू कसा हायस. सकाळची नाई ओढली. तू मले तुमी तुमी काऊन म्हणून राह्यला. परका नोको करू."

मी ते परत परत वाचलं. लहानपणी तू त्यांना "बाबा, तू" म्हणायचास. आमच्या मेसेजमध्ये सगळ्यांना "तुम्ही" असतं. तेवढ्यावरून त्यांना वाटलं, तुझा राग अजून गेलेला नाही.

त्याच दिवशी केळझरला जाऊन सांगायला हवं होतं. गाडी अर्ध्या तासात पोचते. पण त्यांनी सकाळची बिडी ओढली नव्हती, रत्ना. दुसऱ्या दिवशीही नाही. जखम भरत होती. नर्स म्हणाली, रंग सुधारतोय. आज सांगावं, उद्या सांगावं असं म्हणत मी थांबले. शनिवारी १ आला. पुढच्या शनिवारीही १. बंडूजीला ते म्हणाले म्हणे, साहेब झालं माहं पोट्टं, घरच्यालेही हिशेब मागते.

मग गेल्या बुधवारी हे आलं. तीन मेसेजमध्ये तुटून आलं, मी जोडून लिहिते. शब्द त्यांचेच आहेत.

"रत्ना, तू त्या दिवशी लोकाइत बोलला का माह्या बिडीनं माय मेली. म्या काही बोललो नाई. तुये डोये रडून सुजले होते. पन मी बाहीरच ओढत होतो. तिले खोकला सुरू झाला तवापासून ओट्यावर बसून ओढो. तीच म्हने, लय थंडी हाय, आत या, आत बसून ओढा. मी म्हनो, नाई. ती उठून बसे, दार लोटू देत नसे. मंग मी आत जाओ. तिले झोप लागावी म्हनून आत जाओ. आता तूच सांग का कोनाची चूक."

आई गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला तू जे बोललास ते मीही ऐकलं होतं. बाबा खाली मान घालून चटई गुंडाळत राहिले होते. त्यांच्याकडे उत्तर नाही, असंच मलाही वाटलं. ते शेवटचे महिने मी हिंगणघाटला होते, तू भोपाळला. घरात काय होतं ते दोघांनाच माहीत, आणि त्यातली एक गेली.

हा प्रश्न तुला विचारलेला आहे. माझ्या हातात पडला.

पुढचं ऐक. संध्याकाळ झाली आणि कॉम्प्युटरनं त्यांच्या पाळीचा मेसेज पाठवून दिला. मी टेबलावर नव्हते, असते तरी थांबवता येतो की नाही मला ठाऊक नाही. मेसेज माझाच, कधीतरी खुशीत लिहिलेला. "शाब्बास! तोंड रिकामं वाटत असेल तर थोडी बडीशेप खा."

आज मी केळझरला गेले होते. बाबा ओट्यावर बसले होते. एक गोष्ट तुला माहीत नसेल, तू बोललास त्या दिवसापासून त्यांनी घरात एकही बिडी पेटवलेली नाही. रिकाम्या घरातसुद्धा नाही. आता बिडी नाही, तरी जेवण झालं की उठून बाहेर जाऊन बसतात. मी भाकरी टाकत होते, ते दाराशी आले आणि म्हणाले, "पूर्णा, म्या रत्नाले एवढं लिवलं. पोट्टं म्हणते, बडीसोप खा."

मग खिशातून पुडी काढून दाखवली. बंडूजीकडून घेतली होती. खातही होते.

मी पिठाचे हात घेऊन उभी राहिले. सांगायचं ते तेव्हाही सांगितलं नाही. मला भीती वाटते, तू नव्हतासच असं कळलं तर ते उठतील आणि बंडूजीकडे जाऊन बंडल घेतील. मग पाय गेला. आणि नाही सांगितलं तर त्यांच्या प्रश्नाला तू बडीशेपेचं उत्तर दिलंस, असं धरून ते बसतील. हे पहिल्यापेक्षा बरं आहे, असं मला म्हणवत नाही.

म्हणून तू लिही. तुझ्या फोनवरून, तुझ्या नावानं. काय लिहायचं ते मी सांगणार नाही. शब्द पुरवायची मला आता सवय झाली आहे, पण हे शब्द माझ्याकडे नाहीत. तुझं बोलणं तुला मागे घ्यावंसं वाटत नसेल तर नको घेऊस. डॉक्टर म्हणतात, घरातला धूर लागतोच. तूही अगदी खोटं बोलला नव्हतास. फक्त त्यांना कळू दे की तू वाचलंस.

एक लिहायचं नव्हतं, पण इतकं लिहिल्यावर ते तेवढं मागे ठेवणं बरं दिसत नाही. वीस वर्षं मी त्यांना बिडी सोडा म्हणते आहे. डबे घेऊन गेले, रडले, भांडले. तुझं नाव नुसतं त्यांच्या मनात आलं आणि सकाळची बिडी सुटली. शब्द माझेच होते रे. मला आनंद झाला, आणि त्या दिवशी मी जेवले नाही. हे दोन्ही खरं आहे. तुझ्यावर राग नाही. कुठेतरी ठेवायचं होतं, तुझ्याजवळ ठेवलं.

छकुलीला आत्याचा पापा.

वाट पाहते, माझ्यासाठी नाही,
तुझी ताई


नालवाडी
रविवार, १८ जानेवारी २००९

प्रिय रत्नदीप,
सप्रेम जयभीम.

सव्वीस जानेवारीला जोडून तिघंही येताय, हे वाचून फार बरं वाटलं. छकुलीसाठी गरम कपडे आण. संत्री आणू नकोस, इथे आमच्याकडेच ढीग आहे.

तुझा मेसेज त्या दिवशी पोचला, त्याचं पुढे काय झालं ते तुला तुकड्या-तुकड्यांनी कळलं असेल. सगळं सांगते.

फोनमध्ये तुझा जुना नंबर नावासकट होताच. बंडूजी बघतो तर वर "रत्ना". त्यानं वाचलं, "बाबा, तुझं वाचलं. मला माहीत नव्हतं. कोणाची चूक ते मलाही कळत नाही. पाय कसा आहे?" बाबांनी एकदा ऐकलं. परत वाच म्हणाले. मग विचारलं, "नंबर तं तोच हाय?" बंडूजी म्हणाला, तोच आहे, आबाजी, बदललाच नव्हता. "मंग रोजचा तो कोन?"

बंडूजीला सांगावंच लागलं, ते वर्ध्याच्या दवाखान्यातून येते. बाबांनी फोन पिशवीत घातला, रबर लावलं, आणि एक बिडी मागितली. बंडूजी म्हणाला, संपल्या. समोर बंडलं दिसत होती. बाबांनी हात लांबवून स्वतःच एक घेतली.

दुसऱ्या दिवशी ते बसनं वर्ध्याला आले. काठी टेकत आमच्या विभागात येऊन बाकावर इतर पेशंटांमध्ये बसले. मी आत होते. बाहेरच्या मुलीला त्यांनी विचारलं, ते मेसेज पाठवणारा कोण आहे, त्याला बघायचंय. तिनं माझ्या टेबलाकडे बोट दाखवलं.

आधी वाटलं, ओरडतील. पण ते खुर्ची ओढून बसले आणि कॉम्प्युटरकडे बघत राहिले. मग म्हणाले,

"ते दोन घोट पान्याचं तू लिवलं?"

"हो."

"आन बडीसोपीचं?"

"तेही मीच. पण ते तुम्हाला उत्तर म्हणून नव्हतं, बाबा. आपोआप गेलं."

बाकावरचा एक म्हातारा आमच्याकडे टक लावून बघत होता. बाबांनी त्याच्याकडे बघून मान हलवली आणि मला म्हणाले, "तुया नावानं आलं असतं त म्या आयकलं नसतं."

मी म्हटलं, माहीत आहे.

"काल दोन ओढल्या," ते म्हणाले. "रत्नाचं वाचून एक आन रोजचा तो रत्ना नाई हे कळलं तवा एक." मग विचारलं, "आता ते मेसेज बंद करशीन का?"

मी सांगितलं, तुमच्या मेसेजची मुदत संपत आली, पण दुसऱ्यांदा नाव घालता येतं. फक्त आता ते माझे आहेत, हे माहीत होऊन ऐकावं लागेल. त्यावर बाबा म्हणाले, "घाल नाव. तिची सवय सुटली, आन आता याची लागली."

मी त्यांना बसमध्ये बसवून दिलं. खिडकीतून त्यांनी बडीशेपेची पुडी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, खा, दिवसभर त्या डब्यासमोर बसते.

त्या शनिवारी २ आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मॅडमना वाईट वाटलं. मला नाही वाटलं. खोटा १ त्यांना पाठवता आला असता.

नंतर दोन शनिवार पुन्हा १. आणि काल जे आलं ते बंडूजीनं नाही, त्यांनी स्वतः दाबून पाठवलंय. बंडूजीनं त्यांना अक्षरं दाखवून दिली आणि सकाळ त्यातच गेली म्हणे. एवढंच आहे: "पूर्णा १."

आकड्याच्या आधी नाव आल्यामुळे कॉम्प्युटरला ते कळलं नाही. त्यानं "उत्तर अमान्य" दाखवलं. मी हातानं भरलं.

तू येशील तेव्हा त्यांचा पाय बघ, जखम छान भरली आहे. चालताना पोटरी अजून दुखते, डॉक्टर म्हणतात वेळ लागेल, पण गुडघ्याचं बोलणं आता कोणी काढत नाही. माफी मागायचं मनात घेऊन येऊ नकोस, ते दोघांनाही जमणार नाही. रात्री जेवण झालं की ते सवयीनं उठून ओट्यावर जाऊन बसतील. थंडी खूप आहे. तू थोडा वेळ त्यांच्याजवळ बस, आणि मग आई म्हणायची तसं तू म्हण, बाबा, आत चल.

दार मी लोटणार नाही.

तुझी आणि त्यांची,
पूर्णा